पाठीवरचा निवारा : जलरोधक बिव्ही कशी निवडावी?

व्यापारी कुटुंबांमध्ये अलीकडे एक स्वागतार्ह बदल दिसतो. दुकान, पेढी आणि शिकवणी यांच्या चौकटीत वाढलेली आपली मुले-मुली शनिवार-रविवारी पाठीवर सॅक घेऊन डोंगराकडे निघतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड ही नावे त्यांच्या तोंडी सहज असतात. मे-जून महिन्यांत काही जण हिमालयापर्यंतही पोहोचतात. पालक म्हणून आपण त्यांना उत्तम बूट घेऊन देतो, खाऊचे डबे भरून देतो, मोबाईल पूर्ण चार्ज केला आहे ना, याची दोनदा चौकशी करतो. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. परतीला उशीर झाला, धुक्यात वाट चुकली किंवा पाय मुरगळला आणि रात्र उघड्यावरच काढावी लागली, तर अंगावर काय असेल?

या प्रश्नाचे उत्तर ज्या लहानशा वस्तूत आहे, तिला गिर्यारोहक ‘बिव्ही’ म्हणतात. उघड्यावर, तंबूविना काढलेल्या रात्रीला ‘बिव्हॅक’ म्हणतात. त्याचेच हे लघुरूप. हा शब्द युरोपातील सैनिकांच्या पहाऱ्याच्या परिभाषेतून आलेला आहे. बिव्ही म्हणजे माणूस स्लीपिंग बॅगसकट आत शिरू शकेल अशी, पाणी आणि वारा अडवणारी लांब पिशवी. आपल्याकडे ही कल्पना अपरिचित नाही. पावसात धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो; कोकणातील शेतकरी भातलावणीच्या वेळी पाठीवर इरले घेतो. बिव्ही ही त्याच कुळातील आधुनिक खोळ आहे. तिचे वजन प्रकारानुसार शंभर ग्रॅमपासून एक किलोपर्यंत असते आणि ती चुकीची निवडली तर बाहेरच्या पावसाइतकीच ओल आतूनही देते. म्हणून निवडीचा विचार थोडा सविस्तर करू.

ओल आणि वारा यांचे गणित

अशा रात्री जीवावर बेतते ते बहुतेक वेळा शरीराची ऊब हरवल्यामुळे. देहाचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की त्या अवस्थेला वैद्यकशास्त्र ‘हायपोथर्मिया’ म्हणते. ती केवळ बर्फात होते, हा समज चुकीचा आहे. तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही भिजलेले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की ती होऊ शकते. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे पावसाळी सह्याद्रीच्या माथ्यावर, सोसाट्याच्या वाऱ्यात, भिजलेल्या सुती कपड्यांत बसलेला दमलेला माणूस खरोखर धोक्यात असतो.

शरीराची उष्णता चार वाटांनी जाते. ओल्या जमिनीच्या स्पर्शाने, वाऱ्याने, घाम व पाणी यांच्या बाष्पीभवनाने आणि उत्सर्जनाने. जलरोधक खोळ यांपैकी वारा आणि पाऊस या दोन मोठ्या वाटा एकदम बंद करते. जमिनीकडे जाणारी वाट मात्र ती बंद करू शकत नाही. त्यासाठी खाली कॅरीमॅट, रिकामी सॅक, दोर किंवा कोरडा पालापाचोळा हवाच. खोळ स्वतः ऊब निर्माण करत नाही, शरीराने निर्माण केलेली ऊब ती राखून ठेवते, हे लक्षात घेतले की पुढील अनेक गैरसमज टळतात.

तंबू तळावर आणि माणूस वाटेवर

जून २०२४च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडमधील सहस्रताल येथे गेलेला २२ जणांचा गट परतीच्या वाटेवर, मुक्कामाचा तळ गाठण्यापूर्वी, हिमवादळात सापडला. उंची समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक होती. नऊ जणांचा मृत्यू झाला आणि तेरा जण वाचले. गटात बहुतेक मंडळी कर्नाटकातील होती. अमुक एक वस्तू जवळ असती तर सारे वाचले असते, असा दावा करणे उथळपणाचे ठरेल. निसर्गाचा तो तडाखा फार मोठा होता. तरीही या दुःखद घटनेतून प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक पदयात्रीने एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शिखर किंवा सरोवर पाहण्यासाठी निघताना आपण जड सामान तळावर ठेवतो आणि हलकी पिशवी घेऊन पुढे जातो. संकट मात्र बहुधा तळापासून दूर असतानाच गाठते. अशा वेळी तळावरील तंबू कितीही भक्कम असला तरी तो उपयोगी पडत नाही.

म्हणून निवारा निवडताना त्याची पहिली कसोटी ही, की तो नेहमी, अगदी चार तासांच्या भटकंतीतही, पाठीवर असेल का? वजन कमी असावे असा जो आग्रह धरला जातो, त्याचे खरे कारण हेच आहे. अर्धा किलो वजनाची उत्कृष्ट वस्तू घरी राहत असेल, तर शंभर ग्रॅमची साधी वस्तू तिच्यापेक्षा मोलाची.

चार प्रकार

बाजारातील नावे अनेक असली तरी प्रकार मुख्यतः चार आहेत.

पहिला प्रकार चंदेरी पातळ पत्र्यासारख्या दिसणाऱ्या चादरीचा. पॉलिएस्टरच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर धातूचा मुलामा देण्याचे हे तंत्र १९६४ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने अंतराळ मोहिमांसाठी विकसित केले. चादरीचे वजन ५० ते ६० ग्रॅम आणि किंमत काही शे रुपयांच्या आत. ती उत्सर्जित उष्णता परत फिरवते व पाणी अडवते. परंतु वाऱ्यात फडफडते, काट्याला लागताच फाटते आणि एकदा फाटू लागली की शेवटपर्यंत फाटत जाते. शिवाय ती चादर असल्याने कडा उघड्या राहतात. नसण्यापेक्षा ती असणे निश्चित बरे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

दुसरा प्रकार आपत्कालीन पिशवीचा. धातूचा मुलामा दिलेल्या मऊ पॉलिथिनची, तीन बाजूंनी बंद असलेली ही पिशवी साधारण १०० ते १२० ग्रॅम भरते आणि मुठीएवढ्या जागेत मावते. चादरीपेक्षा ती चिवट असते. ब्रिटनमध्ये डोंगर चढणारे जाड नारिंगी प्लास्टिकची पिशवी वापरतात, तीही याच वर्गातील. वजन थोडे अधिक, पण टिकाऊपणा पुष्कळ. या पिशव्या वाफ मुळीच बाहेर जाऊ देत नाहीत, ही त्यांची मर्यादा.

तिसरा प्रकार वाफ काही प्रमाणात बाहेर सोडणाऱ्या हलक्या पिशव्यांचा. वजन दोनशे ते अडीचशे ग्रॅम. त्या रिमझिम, दव आणि वारा चांगल्या अडवतात. मुसळधार पावसात रात्रभर टिकतीलच असे नाही. वर छोटी ताडपत्री बांधण्याची सोय असेल तर त्या फार सुखद ठरतात.

चौथा प्रकार खऱ्या अर्थाने जलरोधक आणि श्वसनक्षम कापडाच्या बिव्हीचा. शिवणींना आतून टेप, पक्की चेन, तोंडाशी डासजाळी आणि काहींत चेहऱ्यावरील कापड उचलून धरणारी एक बारीक काठी. वजन साडेचारशे ग्रॅमपासून एक किलोपर्यंत आणि किंमत हजारांत. मुद्दाम, ठरवून उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी हाच प्रकार योग्य.

याखेरीज गटासाठी एक वेगळी सोय आहे. चार ते सहा जणांनी एकत्र बसून डोक्यावरून ओढून घ्यायची मोठी जलरोधक खोळ. सर्वांच्या देहाची ऊब एकत्र येते आणि आतील हवा काही मिनिटांतच उबदार होते. कुटुंबाने किंवा मित्रमंडळाने एकत्र जाताना अशी एक खोळ म्होरक्याजवळ असावी.

पाणी आतूनही येते

नवखा ग्राहक फक्त पावसाचा विचार करतो. पण निरोगी माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून, घाम न येताही, दिवसभरात साधारण सहाशे ते आठशे मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. आठ तासांच्या झोपेत हे प्रमाण एका पेल्याच्या आसपास जाते. वाफ बाहेर जाऊ न देणाऱ्या पिशवीत हे पाणी थंड कापडावर थेंबांच्या रूपाने जमते आणि स्लीपिंग बॅग भिजवते. सकाळी उठून ‘पिशवी गळली’ अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांची पिशवी प्रत्यक्षात गळलेली नसते.

यावरील उपाय म्हणून श्वसनक्षम कापड जन्माला आले. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या कुळातील पदार्थ झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म सच्छिद्र पडदा बनवता येतो, हे शोधून काढले आणि १९७६ साली त्यापासून तयार झालेले गोर-टेक्स कापड बाजारात आले. या पडद्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी पटींनी लहान, मात्र वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात. म्हणून थेंब बाहेरच अडतो आणि वाफ निघून जाते. आज अनेक कंपन्यांची अशी कापडे उपलब्ध आहेत.

तथापि यात चमत्कार नाही. वाफ बाहेर जाण्यासाठी आतील आणि बाहेरील हवेत बाष्पाचा फरक लागतो. हिमालयातील थंड, कोरड्या हवेत तो भरपूर असतो. जुलै महिन्यातील सह्याद्रीत बाहेरची हवाच बाष्पाने काठोकाठ भरलेली असल्याने तो घटतो. शिवाय वरचे कापड पाणी पिऊन चिंब झाले की वाफेची वाट आणखी अरुंद होते. याचा अर्थ असा, की सह्याद्रीच्या पावसाळ्यात महागातील महाग बिव्हीही पूर्ण कोरडी राहीलच असे नाही. तेथे तीन मीटर लांब-रुंद हलकी ताडपत्री वर बांधावी आणि खाली तिसऱ्या प्रकारची हलकी खोळ घ्यावी, हे अधिक व्यवहार्य. ताडपत्रीखाली बसून कपडे बदलता येतात, डबा उघडता येतो. एकट्या बिव्हीत यांतले काहीच शक्य नसते.

आकडे कसे वाचावेत?

वस्तूवरील चिठ्ठीवर ‘३,००० मिमी’, ‘१०,००० मिमी’ असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला असता पाणी झिरपू लागते, याचे ते माप. एक हजार मिलिमीटर म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम भार. आता साधा हिशेब करू. साठ किलो वजनाचा माणूस गुडघा टेकून उठू लागला आणि त्याचे निम्मे वजन ५० चौरस सेंटिमीटर जागेवर आले, तर तेथे चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम, म्हणजेच ६,००० मिलिमीटर स्तंभाइतका दाब पडतो. म्हणून वरच्या बाजूला दोन-तीन हजारांचा आकडा चालतो. तळाला मात्र पाच हजार किंवा त्याहून अधिक असावा. दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेले आहेत का, ते पाहावे.

वाफ सोडण्याच्या क्षमतेचा आकडा एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ जाते, या स्वरूपात देतात. पण त्याच्या चाचण्या एकाहून अधिक पद्धतींनी होतात. पद्धत भिन्न असेल तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. जसे एका बँकेचा चक्रवाढ दर आणि दुसरीचा सरळ व्याजदर शेजारी ठेवून तुलना करू नये. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ हे शब्दही समानार्थी नाहीत. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की पाणी थोडा वेळ अडेल.

खरेदीपूर्वी तपासायच्या गोष्टी

पिशवीची लांबी आपल्या उंचीपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर अधिक असावी. रुंदी इतकी हवी, की आत स्लीपिंग बॅग फुगून राहील. ती दबली तर तिच्यातील हवा जाते आणि तिच्यासोबत ऊबही. शिवणी उलटून पाहाव्यात. टेप नसेल तर शिवणीच्या सुईछिद्रांतून पाणी येणारच. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनला टेप चिकटत नाही, म्हणून त्याच्या शिवणींना द्रवरूप लेप द्यावा लागतो. तो दिला आहे की ग्राहकाने द्यायचा आहे, हे विचारावे. चेन आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडते का, हे हातमोजे घालून पाहावे. रंग नारिंगी किंवा लाल निवडावा. हिरवा, मातकट रंग शोधपथकाला दुरून दिसत नाही.

खोळीसोबत स्लीपिंग बॅगचाही विचार करावा लागतो. महागड्या, हलक्या स्लीपिंग बॅगांत हंस किंवा बदक यांची पिसे भरलेली असतात. आपल्या घरांत ती नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. येथे व्यवहारही त्याच बाजूने बोलतो. पिसे भिजली की गोळा होऊन त्यांची ऊब जवळजवळ संपते, तर कृत्रिम तंतूंचे भरण ओले झाले तरी काही ऊब राखते आणि लवकर वाळते. ओलीचा धोका असलेल्या बिव्हीसाठी थोडे जड असले तरी कृत्रिम भरणच योग्य.

कोणासाठी कोणती?

एकदिवसीय भटकंती करणाऱ्याने दुसऱ्या प्रकारची आपत्कालीन पिशवी सॅकच्या तळाशी कायमची ठेवावी. गडावरील गुहेत किंवा मंदिरात मुक्काम करणाऱ्याला तिसरा प्रकार पुरतो. जमिनीची ओल, वारा आणि सरपटणारे कीटक यांपासून तो आडोसा देतो. हिमालयात जाणाऱ्याने संयोजकांच्या तंबूवर विसंबून न राहता दिवसाच्या पिशवीत स्वतःची खोळ ठेवावी. एकट्याने अनेक दिवस चालणाऱ्या अनुभवी पदयात्रीने चौथ्या प्रकाराचा विचार करावा. मात्र एक किलोच्या आसपास वजन जात असेल तर त्याच वजनात एका माणसाचा हलका तंबूही मिळतो, याची आठवण ठेवावी. घाटरस्त्याने रात्री-अपरात्री मालाच्या कामासाठी मोटार घेऊन जाणाऱ्या व्यापारी बंधूंनी डिकीत दोन पिशव्या टाकून ठेवल्या तर दरड कोसळून रस्ता बंद झालेल्या रात्री त्या उपयोगी पडतील.

वापर आणि निगा

संकटात पिशवी शेवटी काढू नये. अंगात त्राण असताना, अंधार पडण्यापूर्वी, वाऱ्याआडची जागा पाहून आत शिरावे. नाला, ओढ्याचा काठ आणि दरडीचा पायथा टाळावा. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत. बूट काढून पाय रिकाम्या सॅकमध्ये घालावेत. पोटात काही गोड असेल तर शरीराला ऊब निर्माण करायला इंधन मिळते. तोंड आणि नाक पिशवीबाहेर ठेवावे. आत श्वास सोडल्याने ओल वाढते, आणि संपूर्ण बंद पिशवीत गुदमरण्याचा धोका असतो. पिशवीत किंवा तिच्या तोंडाशी स्टोव्ह कधीही पेटवू नये. लहान मुलांना या पिशव्यांशी खेळू देऊ नये.

सोबत्याची थरथर, अडखळणारे बोलणे, तोल जाणे आणि निर्णयातील गोंधळ ही धोक्याची चिन्हे आहेत. प्रकृती सुधारलेली नसताना थरथर थांबली तर ते बरे वाटण्याचे लक्षण नसून गंभीर इशारा आहे. अशा माणसाला चोळू नये, चालवू नये. कोरडे करून, खाली मॅट घालून खोळीत गुंडाळावे आणि शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय द्यावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक लावावा. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा डोंगरातील संकटाचा जुना संकेत आहे. म्हणून पिशवीसोबत शिट्टी आणि डोक्याला बांधायची विजेरी असावी.

घरी परतल्यावर पिशवी उलटी करून सावलीत पूर्ण वाळवावी. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि त्याला वास येऊ लागतो. ओली पिशवी घडी घालून माळ्यावर टाकली तर पुढील पावसाळ्यात ती निकामी झालेली आढळेल. नवी पिशवी आणल्यावर एक रात्र गच्चीवर तिच्यात झोपून पाहावे. जमल्यास पाईपने पाणी मारून घ्यावे. चेन कशी लागते, ओल कोठे जमते, किती गुदमरल्यासारखे वाटते, हे घराच्या गच्चीवर कळलेले बरे.

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही दोन गोष्टी पाहत असू. नुकसान होण्याची शक्यता किती आणि झालेच तर त्याचा आकार केवढा. उघड्यावर रात्र काढावी लागण्याची शक्यता लहान आहे. नुकसानीचा आकार मात्र कोणत्याही ताळेबंदात मावणारा नाही. त्यासमोर शंभर ग्रॅमचे ओझे आणि काही शे रुपये हा फार स्वस्त हप्ता होय. या पावसाळ्यात मुलगा किंवा मुलगी सॅक भरत असेल तेव्हा डबा आणि चार्जर यांच्यासोबत ही एक वस्तू आत आहे का, एवढे विचारावे. नसेल तर पुढच्या सहलीपूर्वी ती घ्यावी. घरातील डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकासाठी एक, आणि तीही ज्याच्या त्याच्या पाठीवर.